बोअर गोल राहावा म्हणून

इंजिनच्या सिलिंडरांत स्लीव्ह, म्हणजे धातूच्या नव्या नळ्या, बसवायच्या ठरल्या की बोलणं लगेच ताकदीवर येतं. किती हॉर्सपॉवर झेपेल, टर्बोचा किती बूस्ट चालेल, ब्लॉक, म्हणजे सिलिंडर ज्यात असतात तो इंजिनाचा ओतीव सांगाडा, फुटणार तर नाही ना. प्रश्न रास्त आहेत. पण या कामाच्या जवळ बरीच वर्षं राहिल्यावर मला जाणवलंय ते असं: सिलिंडर क्वचित फुटतात, वाकडे मात्र सतत होत असतात. टेबलावर सुरेख गोल असलेला बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते सिलिंडरचं भोक, हेडचे (सिलिंडरांवरच्या झाकणाचे) बोल्ट आवळल्यावर, कूलंट तापल्यावर, पिस्टन एका अंगाला रेटायला लागल्यावर गोल राहतो का, यावर त्या इंजिनाचं आयुष्य ठरतं. ब्लॉकला पहिलं टूल लागतं तिथपासून होनिंगचा, म्हणजे दगडानं बोअर घासून मापाला आणण्याचा, शेवटचा फेरा संपेपर्यंत सगळी खटपट त्या एका वर्तुळासाठी असते.

मुळात ही गरज निर्माण होते अ‍ॅल्युमिनियममुळे. अ‍ॅल्युमिनियम हलकं आणि उष्णता पटकन वाहून नेणारं, पण पिस्टनच्या रिंगा त्यावर थेट घासल्या तर साधं अ‍ॅल्युमिनियम टिकत नाही. म्हणून बहुतेक अ‍ॅल्युमिनियम ब्लॉक ओततानाच आत बिडाचे पातळ लाइनर ठेवतात आणि धातू त्यांच्याभोवती थिजतो. रोजच्या गाडीसाठी ही रचना उत्तम आहे. शिवाय अनेक इंजिनांत ब्लॉकचा माथा उघडा असतो. होंडाची बी आणि के मालिका हे ओळखीचं उदाहरण. सिलिंडरच्या नळ्या खालून वर येतात आणि वरच्या टोकाला, शेजारच्या नळीचा आधार सोडला तर, त्यांच्या दोन्ही अंगांना फक्त कूलंट असतो. यालाच ओपन डेक म्हणतात. ओतायला सोपं, आणि सर्वात तापणाऱ्या भागाला थंडावाही चांगला. पण ज्वलनाचा मोठा दाब नेमका त्याच टोकाला बसतो. कनेक्टिंग रॉड तिरका असताना पिस्टन भिंतीला बाजूनं रेटतो, तेव्हा आधार नसलेली नळी जराशी झुकते, आणि हेड गॅस्केटखाली, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलखाली, तिचं टोक किंचित सरकत राहतं. ताकद वाढवत नेली की गॅस्केट आधी तिथेच हार मानतं.

एक साधा हिशेब करून बघू. बोअर ८६ मिलिमीटर, आतला दाब १२० बार. जोरदार टर्बो इंजिनात एवढा दाब येणं नवलाचं नाही. भिंत ३ मिलिमीटर जाड आणि बाहेरून कसलाच आधार नाही असं धरलं, तर भिंतीत घेराच्या दिशेनं येणारा ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी: सुमारे १७२ मेगापास्कल. साधं करडं बीड ढोबळमानानं २०० ते ३०० मेगापास्कलच्या दरम्यान तुटतं. कागदावर जेमतेम निभावलं म्हणायचं. पण हा धक्का मिनिटाला हजारो वेळा बसतो, आणि नॉकिंग, म्हणजे इंधनाचं अवेळी भडकणं, सुरू झालं तर दाबाची टोकं या हिशेबाच्या कितीतरी वर जातात. भिंत ५ मिलिमीटर केली की तोच ताण १०३ वर येतो. दोन मिलिमीटरनं एवढा फरक पडतो. जाड भिंत कमी वाकते, हेही यातच आलं, आणि माझ्या लेखी तो फायदा मोठा.

धातूची निवडही याच टप्प्यावर होते. करड्या बिडात कार्बन पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो आणि प्रत्येक पापुद्र्याचं टोक म्हणजे तडा सुरू व्हायला तयार जागा. १९४३ मध्ये इंटरनॅशनल निकेल कंपनीच्या प्रयोगशाळेत कीथ मिलिस यांना आढळलं की वितळलेल्या बिडात थोडं मॅग्नेशियम घातलं तर तोच कार्बन गोळ्यांच्या रूपात थिजतो. तडा गोळ्यापाशी येऊन अडखळतो. या डक्टाइल आयर्नची ताकद प्रतीनुसार साधारण ४०० ते ९०० मेगापास्कल भरते, आणि रेसिंगसाठी मिळणाऱ्या बहुतेक स्लीव्ह याच्याच असतात. साचा गरगर फिरवून त्या ओतल्या जातात, म्हणजे दाट, स्वच्छ धातू बाहेरच्या अंगाला दाबला जातो आणि हलका मळ आतल्या पृष्ठभागाकडे येतो, जो पुढे कापूनच टाकायचा असतो. तरी करड्या बिडाला मी कमी लेखत नाही. त्याचे पापुद्रे तेल धरतात, स्वतःही थोडं वंगण देतात, आणि उष्णता डक्टाइलपेक्षा चांगली वाहून नेतात. मध्यम ताकदीच्या, टर्बो नसलेल्या इंजिनात जाड भिंतीची करड्या बिडाची स्लीव्ह अत्यंत समाधानानं चालते. तिथे डक्टाइलच हवी हा हट्ट मला पटत नाही.

जाडी वाढवायची तर जागा मात्र हवी. होंडाच्या बी मालिकेत दोन शेजारच्या सिलिंडरांच्या मध्यांमधलं अंतर ९० मिलिमीटर आहे आणि बहुतेक इंजिनांत मूळ बोअर ८१. स्लीव्ह घालून बोअर ८४ केला तर दोन भोकांच्या मध्ये एकूण ६ मिलिमीटर धातू उरतो. त्यात दोन्ही स्लीव्हच्या भिंती आल्या आणि वर हेड गॅस्केटला बसायला पट्टीही आली. म्हणून अशा ब्लॉकसाठीच्या स्लीव्हना माथ्याशी रुंद कॉलर असते आणि शेजारच्या कॉलरी सपाट कडांनी एकमेकींना टेकतात. सगळ्या मिळून उघड्या माथ्याला जवळजवळ बंद करून टाकतात, कूलंटला वर जायला ठरावीक भोकं ठेवून. ओपन डेक ब्लॉकमध्ये मला स्लीव्हचा सर्वात मोठा लाभ इथे दिसतो. नळ्यांना एकमेकींचा आणि बाहेरच्या भिंतीचा टेकू मिळतो.

जागेचा प्रश्न पोर्शेनं वेगळ्या वाटेनं सोडवला होता. १९७३ च्या ९११ कॅरेरा आरएस २.७ मध्ये बोअर ८४ वरून ९० मिलिमीटर केला तो बिडाची भिंतच काढून टाकून. अ‍ॅल्युमिनियमच्या सिलिंडरवर निकासिलचा लेप दिला, म्हणजे निकेलच्या थरात सिलिकॉन कार्बाइडचे अतिसूक्ष्म कण. निसान जीटी-आरच्या २००७ च्या इंजिनात ०.१५ मिलिमीटरच्या आसपास जाडीचा लोखंडी थर प्लाझ्मानं थेट ब्लॉकवर फवारलेला आहे. दोन्ही वाटा मला फार आवडतात. तिथे दोन धातूंमधली सांधच जवळपास नाहीशी होते, आणि उष्णतेला मध्ये अडवणारं काही राहत नाही. पण असा बोअर एकदा खरवडला गेला की पुढच्या मापाला रिबोअर करायला लोखंड उरलेलंच नसतं. होंडाच्या एच२२ आणि एस२००० च्या इंजिनांत अ‍ॅल्युमिनियममध्ये तंतू मिसळून केलेल्या भिंती आहेत, त्यांचंही तसंच. साधे फोर्ज्ड पिस्टन त्या भिंतींवर नीट नांदत नाहीत. अशी इंजिनं नव्यानं बांधताना लोक स्लीव्हकडे वळतात ते बहुतेक वेळा याच कारणानं.

आता ब्लॉक कापणं. सगळ्या कामात परत फिरता न येणारा टप्पा हाच आहे, आणि माझ्या मते जेवढा वेळ कापायला लागतो त्याहून जास्त वेळ मशीनवर ब्लॉक लावायला लागला पाहिजे. जुन्या बोअरचा मध्य धरून कापायला सुरुवात करणं ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात वाईट सवय. जुना बोअर झिजलेला, कदाचित आधीच कुठे कललेला. संदर्भ घ्यायचा तो क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, रेषेचा. क्रँक धरणाऱ्या मेन बेअरिंगच्या कॅप पूर्ण टॉर्कला (ठरलेल्या जोरानं) आवळायच्या, त्या रेषेवरून ब्लॉक उभा करायचा, आणि प्रत्येक सिलिंडर तिला काटकोनात आणि कारखान्याच्या नकाशाप्रमाणे ठरलेल्या अंतरावर आहे याची खात्री करायची. बोअर क्रँकला थोडा जरी तिरका राहिला तरी पिस्टन आयुष्यभर एका कडेनं घासत चालतो. तो दोष नंतर होनिंगनं निघत नाही.

खाली पायरी सोडायची, म्हणजे बोअर तळापर्यंत न कापता शेवटचे काही मिलिमीटर मूळ धातू राखायचा. स्लीव्ह त्या पायरीवर बसते. कॉलरवाली असेल तर वर कॉलरसाठी खाच कापायची. खाचेची खोली आणि तिच्या तळाची सपाटी सगळ्या सिलिंडरांना सारखी हवी, नाहीतर एक कॉलर पूर्ण टेकते आणि दुसरी एका कडेवर बसते. कडेवर बसलेली कॉलर हेड आवळल्यावर स्लीव्हला पिळते. मग आपण पुन्हा वाकड्या वर्तुळाशी आलो.

मापं घेताना तापमान विसरलं तर सगळं व्यर्थ. मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे, आणि त्यामागे सोय नाही, गरज आहे. अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे साधारण २२ मायक्रॉन वाढतं, बीड ११ च्या आसपास. म्हणजे ९० मिलिमीटरचं भोक दहा अंश जास्त गरम खोलीत ०.०२ मिलिमीटरनं मोठं दिसतं. स्लीव्ह घट्ट किती बसणार हे ज्या मापात ठरतं, तिथे मिलिमीटरचे दोन शतांश म्हणजे निम्मा खेळ. ज्यांच्याकडे मी हे काम पाहिलं ते ब्लॉक, स्लीव्ह, मायक्रोमीटर आणि डायल बोअर गेज रात्रभर एकाच खोलीत, एकाच टेबलावर ठेवायला लावत आणि सकाळी मशीन सुरू होण्याआधी मोजायला लावत. कापल्या कापल्या गरम भोकात गेज घातलेलं त्यांना मुळीच चालत नसे. मी आजही त्याच क्रमानं जातो.

घट्टपणा किती ठेवायचा, यात अ‍ॅल्युमिनियम आणि बीड यांचं न जुळणारं फुगणं मध्ये येतं. बाहेरून ९५ मिलिमीटरची स्लीव्ह घेऊ. ब्लॉक आणि स्लीव्ह दोन्ही २० वरून १०० अंशांना गेले, तर ब्लॉकचं भोक स्लीव्हपेक्षा ०.०८ मिलिमीटरहून थोडं जास्त वाढतं. थंडीत पक्की बसलेली स्लीव्ह अशा वेळी सैल पडेल. प्रत्यक्षात एवढं होत नाही, कारण चालत्या इंजिनात स्लीव्ह ब्लॉकपेक्षा गरम असते. ती १५० अंशांना आणि ब्लॉक १०० ला धरला, तर घट्टपणातली घट फक्त ०.०३ च्या आसपास येते. यावरून कुणी म्हणेल, मग भरपूर घट्ट बसवा. तेही चालत नाही. जास्त घट्ट स्लीव्ह ब्लॉकला सतत आतून ताणून धरते. कडाक्याच्या थंडीत अ‍ॅल्युमिनियम जास्त आक्रसायला बघतं आणि बीड त्याला आक्रसू देत नाही, तेव्हा पातळ जागी तडा जाऊ शकतो. त्याआधीच शेजारच्या बोअरचा आकार बिघडतो. म्हणून स्लीव्ह बनवणाऱ्यानं दिलेलं माप पाळायचं, आणि सगळे बोअर कापून, सगळ्या स्लीव्ह बसवून झाल्यावरच कुठल्याही एका बोअरचं अंतिम माप काढायचं. एकेक पूर्ण करत गेलात तर चौथी बसेपर्यंत पहिली बदललेली असते.

बसवण्याची कृती जुनीच आहे. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार धाव तापवतो आणि ती थंड होताना चाकाला आवळून घेते. इथे बाहेरचा ब्लॉक तापवायचा आणि आतली स्लीव्ह गोठवायची. ब्लॉक १५० अंशांना नेला की ९५ मिलिमीटरचं भोक जवळजवळ ०.२७ मिलिमीटरनं उघडतं. स्लीव्ह कोरड्या बर्फात, म्हणजे उणे ७८ अंशांच्या आसपास ठेवली, तर ती सुमारे ०.१ मिलिमीटर आक्रसते. एवढ्या मोकळ्या जागेत स्लीव्ह हातानं सोडली की स्वतःच्या वजनानं खाली जाऊन पायरीवर टेकते. हातोडा लागता कामा नये. द्रव नायट्रोजन वापरणारे उणे १९६ पर्यंत जातात. खोली हवेशीर हवी, कारण तो वायू श्वासातल्या ऑक्सिजनची जागा घेतो, आणि एवढ्या गारठ्यात बीड ठिसूळ होतं, ठोकलं तर चिरतं.

स्लीव्ह गारठ्यातून बाहेर काढल्यानंतरचे काही सेकंद मला कायम मोठे वाटतात. स्लीव्हवर दव गोठायला लागतं, आणि तो बर्फ कॉलरखाली अडकला तर ती टेकत नाही, म्हणून आत सोडण्याआधी झटक्यात पुसायचं. आत गेल्यावर लगेच वरून दाबून धरायचं, आणि दोन्ही धातूंचं तापमान एक होईपर्यंत दाब काढायचा नाही. स्लीव्ह फुगताना भिंतीला आधी कुठे पकडेल हे आपल्या हातात नसतं. ती वरच्या बाजूला आधी पकडली आणि मग थंड होताना लांबीत हलली, तर पायरीपासून केसभर उचलली जाते. वरून काहीच दिसत नाही. पुढे इंजिन तापून-थंडावून ती केसभर जागा भरून काढते आणि स्लीव्ह डेकच्या, म्हणजे ब्लॉकच्या माथ्याच्या, खाली जाते. हेड गॅस्केटवरचा दाब तेवढ्याच सिलिंडरपाशी कमी होतो. गॅस्केट पुनःपुन्हा एकाच जागी जात असेल आणि हेड, बोल्ट, ट्यूनिंग सगळं ठीक असेल, तर मला आधी स्लीव्हच्या माथ्याची उंची मोजावीशी वाटते.

हेड आणि ब्लॉक यांच्या सांध्याचं दुखणं जुनं आहे, आणि इंजिन-अभियंते ऑरेलिओ लाम्प्रेदी यांनी फेरारीसाठी काढलेलं उत्तर मला आजही थक्क करतं. त्यांच्या मोठ्या व्ही-१२ इंजिनात लाइनर हेडमध्ये आट्यांनी फिरवून बसवले होते. तिथे दाब सुटायला हेड गॅस्केटची फटच उरली नाही. ४.५ लिटरच्या त्या इंजिनानं १९५१ मध्ये सिल्व्हरस्टोनला फेरारीला जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतला पहिला विजय दिला. आपल्याला असं स्वातंत्र्य नसतं, ब्लॉक आणि हेड दुसऱ्या कुणीतरी ठरवलेले असतात. म्हणून स्लीव्ह बसल्यावर डेक एकत्र फेस करायचा, म्हणजे कापून सपाट करायचा. ब्लॉकचं अ‍ॅल्युमिनियम आणि स्लीव्हचं बीड एकाच कटमध्ये, एकाच पातळीला, आणि थरांच्या स्टील गॅस्केटला चालेल इतकं गुळगुळीत. मऊ आणि कडक धातू एकाच वेळी कापताना टूल दोन्हींवर सारखं वागत नाही. बोटाला सांधा लागला नाही म्हणून समाधान मानू नये, डायल गेज फिरवून बघावा.

मग टॉर्क प्लेट. हेडच्या जागी जाड धातूची पाटी, तेच गॅस्केट, तेच बोल्ट किंवा स्टड, तोच टॉर्क. प्रत्येक सिलिंडरभोवती साधारण चार बोल्ट असतात; ते आवळले की ब्लॉकचा धातू आट्यांभोवती वर खेचला जातो आणि बोअर चार जागी किंचित आत-बाहेर होतो. अंडाकृती झालेल्या बोअरला रिंग बऱ्यापैकी जुळवून घेते. चार कोपऱ्यांच्या आकाराशी जुळवून घेणं तिला फार अवघड जातं. कोपऱ्यांत फट राहते, तिथून गॅस खाली आणि तेल वर. टॉर्क प्लेट लावून होन केलेला बोअर पाटी काढल्यावर मोजला तर गोल भरत नाही, आणि नवख्याला धक्का बसतो. पण त्याला गोल असायचं आहे हेडखाली. मला या कामातला सर्वात सुंदर भाग हाच वाटतो: पुढे पडणारा भार आजच लावून मग त्या अवस्थेत वर्तुळ घडवायचं.

होनिंगच्या तिरक्या रेषा तेल धरण्यासाठी असतात. कोन फार उभा झाला तर तेल खाली ओघळतं आणि इंजिन तेल खातं. फार आडवा झाला तर रिंगा थरथरतात. शेवटी बारीक दगडानं किंवा ब्रशनं रेषांची टोकं सपाट करायची, दऱ्या राखायच्या. डक्टाइल आयर्नवर दगड आणि दाब करड्या बिडासारखे चालत नाहीत, धातू ओढला जातो, दुमडला जातो. म्हणून ब्लॉकला वापरायची सेटिंग आधी तुकड्यावर बघावी. पिस्टन आणि बोअर यांच्यातली फट पिस्टनच्या मिश्रधातूवर ठरते: ४०३२ मध्ये सुमारे १२ टक्के सिलिकॉन, तो कमी फुगतो, २६१८ मध्ये सिलिकॉन जवळजवळ नाही, तो जास्त फुगतो आणि जास्त फट मागतो.

धुताना पेट्रोलवर किंवा थिनरवर थांबू नये. त्यानं तेल निघतं, होनिंगची पूड रेषांत तशीच राहते. गरम पाणी, साबण आणि ब्रश. पांढरं फडकं फिरवून पांढरंच बाहेर येईपर्यंत. लगेच कोरडं करून तेल, कारण ताजं बीड बघता बघता गंजतं. इंजिन सुरू झाल्यावर रिंगा बसवायला त्याला तासभर नुसतं आयडलवर सोडण्यात अर्थ नाही. रिंगेला भिंतीवर दाबतो तो मागे शिरणारा ज्वलनाचा दाब, म्हणून मध्यम भार द्यायचा, सोडायचा, पुन्हा द्यायचा.

काही तास चालवून इंजिन पुन्हा उघडायची संधी मिळाली तर बोअर पुसण्याआधी नीट पाहावा. रिंग जिथे घट्ट चालली तिथे चकाकी असते, जिथे टेकलीच नाही तिथे होनिंगच्या रेषा पहिल्या दिवसासारख्या उठून दिसतात. एकाच बाजूला उभा चकचकीत पट्टा असेल तर तो पिस्टनच्या रेट्याचा, थोडा असणारच. माथ्याशी गोल काळपट पट्टी असेल तर कॉलर नीट टेकली नाही का ते बघावं. आणि बोल्टांच्या रेषेत चार चकाकत्या जागा, त्यांच्या मध्ये चार निस्तेज जागा दिसल्या, तर नव्या रिंगा घालून काही साधत नाही. टॉर्क प्लेट पुन्हा चढवायची, या वेळी इंजिनात लागणारेच स्टड, तेच गॅस्केट आणि तोच टॉर्क आहे ना हे पडताळायचं, आणि मापं तिथून परत घ्यायची.